गाभा आणि यादी

अभ्यासक्रमाला वाङ्मयप्रकार मानण्याची प्रथा नाही. विद्यापीठाच्या कचेरीत तो टंकलिखित होतो, अभ्यासमंडळापुढे मांडला जातो, किरकोळ दुरुस्त्यांसह मंजूर होतो, आणि परीक्षा जवळ येईपर्यंत त्याची आठवण फारसे कोणी काढत नाही. तथापि एखादी विद्याशाखा स्वतःविषयी काय समजते, हे तिच्या थोर ग्रंथांइतकेच तिच्या अभ्यासक्रमावरूनही कळते. कोणता विषय आधी आणि कोणता नंतर, कोणत्या शब्दाला शीर्षकाचा मान आणि कोणता शब्द एखाद्या पोटकलमात, यांतून एक भूमिका व्यक्त होत असते. शरीरक्रियाविज्ञानाचा अभ्यासक्रम कशाभोवती रचावा, याविषयी गेल्या पाव शतकात जी चर्चा झाली ती म्हणूनच केवळ वैद्यकाच्या अध्यापकांची नाही. तिच्या मुळाशी शब्द आणि संकल्पना यांच्या संबंधाचा प्रश्न आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकाला परका नाही.

हा प्रश्न न्याहाळण्यास म्हैसूरसारखे सोयीचे गाव दुसरे क्वचितच असेल. 1916 मध्ये येथे विद्यापीठ स्थापन झाले. 1924 मध्ये संस्थानचे वैद्यकीय महाविद्यालय प्रथम बंगळूरला सुरू झाले आणि 1930 मध्ये ते म्हैसूरला आले. विद्यापीठाच्या मानसगंगोत्री या परिसरात 1965 मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे आणि 1969 मध्ये स्थापन झालेली भारतीय भाषांची केंद्रीय संस्थाही आहे. कंठातून ध्वनी कसा निघतो याचा विचार करणारे आणि त्या ध्वनीचा अर्थ काय होतो याचा विचार करणारे, असे दोन्ही वर्ग या एका गावात शेजारी नांदतात. महाविद्यालय स्थापन झाले त्या वेळी विद्यापीठाचे कुलगुरू ब्रजेंद्रनाथ सील होते, हा योगायोगही लक्षणीय आहे. प्राचीन भारतीयांच्या विज्ञानावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1915 मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि त्यातील एक प्रकरण शरीरक्रिया व जीवविज्ञान यांना वाहिलेले होते. जुन्या शब्दांत कोणत्या कल्पना वसत होत्या, हे शोधणारा पंडित विद्यापीठाच्या प्रमुखपदी असताना नव्या शरीरविद्येचे महाविद्यालय जन्माला आले.

पुढे अभ्यासक्रम ठरविण्याचा अधिकार या गावातून हळूहळू निघून गेला. 1996 मध्ये बंगळूर येथे राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि म्हैसूरचे जुने वैद्यकीय महाविद्यालय त्याच्याशी संलग्न झाले. दोनच वर्षांनी, 1998 मध्ये, नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन मराठी मुलखातही तीच व्यवस्था आली. म्हैसूरमधील दुसरे महाविद्यालय, 1984 मध्ये सुरू झालेले जे. एस. एस. वैद्यकीय महाविद्यालय, 2008 मध्ये अभिमत विद्यापीठाचा भाग झाले आणि त्याला अभ्यासक्रमाचे काही स्वातंत्र्य मिळाले. परंतु चौकट दोघांनाही दिल्लीची. 1997 च्या नियमांनी वैद्यकाच्या पहिल्या टप्प्याची मुदत अठरा महिन्यांवरून बारा महिन्यांवर आणली. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे तिन्ही विषय त्या वर्षात बसवायचे होते. वेळ तिसऱ्या हिश्श्याने घटला. ज्ञान मात्र त्या काळात वाढतच होते, आणि पाठ्यपुस्तके प्रत्येक आवृत्तीगणिक जाड होत होती. अशा वेळी अध्यापकापुढे दोनच वाटा उरतात: जे सर्व आहे ते अधिक वेगाने सांगणे, अथवा सर्व सांगण्याचा हट्ट सोडणे. बहुतेकांनी पहिली वाट धरली. दुसरीसाठी, काय सोडावे हे सांगणारा निकष हाताशी हवा, आणि तो कोणी दिलेला नव्हता.

2018 मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम प्रसिद्ध केला आणि 2019 पासून तो अमलात आला. शरीरक्रियाविज्ञानासाठी त्यात 11 विषय आणि 137 क्षमता नोंदविल्या होत्या. प्रत्येक क्षमतेपुढे एक रकाना ‘कोअर’ असा आहे आणि त्यात होय किंवा नाही असे लिहिलेले आहे. हा दस्तऐवज परिश्रमपूर्वक तयार केलेला आहे. विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, हे त्यात प्रथमच इतक्या स्पष्टपणे सांगितले गेले, आणि विषयांची परस्परांशी सांगड घालण्याचा आग्रहही त्यात आहे. तरीही मूलतः ती एक यादी आहे. समस्थिती, म्हणजे शरीराने आपली आंतरिक अवस्था ठरावीक मर्यादांत राखणे, हे तत्त्व तीत पहिल्या विषयातील दुसऱ्या क्रमांकावर येते. 137 पैकी ती एक क्षमता. अवयवसंस्थांना जोडणारे एकात्मिक शरीरक्रियाविज्ञान अकराव्या, म्हणजे शेवटच्या, स्थानी येते. जे तत्त्व हृदय, मूत्रपिंड, फुफ्फुसे, अंतःस्रावी ग्रंथी या सर्वांचे वर्तन समजावून देते ते आरंभी एकदा उरकले जाते, आणि जी एकात्मता सर्वत्र असावयास हवी ती शेवटच्या आठवड्यांची वाट पाहत बसते.

येथे ‘कोअर’ या शब्दाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. वरील यादीत त्याचा अर्थ ‘अनिवार्य’ असा आहे: हे आलेच पाहिजे, ते न आले तरी चालेल. पण ज्या वेळी शरीरक्रियाविज्ञानाचे अध्यापक ‘कोअर’ संकल्पनांविषयी बोलतात त्या वेळी त्यांना अनिवार्य बाब अभिप्रेत नसते, गाभा अभिप्रेत असतो. फणसाचे गरे एकेक मोजता येतात. ज्या पावेभोवती ते लागलेले असतात ती पाव मात्र गऱ्यांच्या मोजणीत येत नाही, आणि तिच्यावाचून गरेही नाहीत. अनिवार्य बाबींची संख्या वाढविता येते आणि ती दर काही वर्षांनी वाढते. गाभ्याची संख्या अशी वाढविता येत नाही. एकाच इंग्रजी शब्दात हे दोन अर्थ नांदत असल्यामुळे, गाभ्याची गोष्ट निघाली की ‘आमच्याकडे ती आहेच, प्रत्येक ओळीपुढे होय लिहिलेले आहे’ असे प्रामाणिकपणे वाटू शकते. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, हा मराठीचा लाभ आहे.

गाभ्याचा हा विचार नवा नाही. जेरोम ब्रूनर यांनी 1960 मध्येच असे प्रतिपादन केले होते की, विद्याशाखेची मूलभूत रचना शिकविली पाहिजे, आणि तीच तत्त्वे वाढत्या पातळीवर पुनःपुन्हा विद्यार्थ्यासमोर आली पाहिजेत. शरीरक्रियाविज्ञानापुरते ते काम अमेरिकेतील काही अध्यापकांनी केले. हॅरॉल्ड मॉडेल यांनी 2000 मध्ये सात सर्वसाधारण प्रतिमाने सुचविली. शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजातील जोएल मायकेल, जेनी मॅकफार्लंड आणि त्यांचे सहकारी यांनी 2009 पासून अध्यापकांची मते मागवीत ही यादी पंधरा संकल्पनांपर्यंत नेली, आणि 2017 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. कार्यकारणभाव, पेशींतील परस्परसंदेश, पेशीपटल, ऊर्जा, उत्क्रांती, उताराच्या दिशेने होणारा प्रवाह, समस्थिती, परस्परावलंबन, वस्तुमानाचा ताळेबंद, रचना आणि कार्य यांचा संबंध ही त्यांतील काही नावे. पुढे ऑस्ट्रेलियातील 25 विद्यापीठांच्या अध्यापकांनी आपसांत विचारविनिमय करून सातच संकल्पना निश्चित केल्या, आणि त्यांत एकात्मता व शारीरिक अनुकूलन यांना स्वतंत्र स्थान दिले. संख्या सात असावी की पंधरा, याला गौण महत्त्व आहे. एकच कल्पना अनेक अवयवांत पुन्हा भेटते, आणि तिची ओळख पटली म्हणजे नव्या अवयवाकडे जाताना विद्यार्थी रिकाम्या हाताने जात नाही, ही त्यामागील खरी गोष्ट होय.

उताराच्या दिशेने होणारा प्रवाह ही कल्पना घ्यावी. म्हैसूरच्या विद्यार्थ्याला ती कावेरीपासून शिकविता येते. कृष्णराजसागराचे पाणी कालव्यांत उतरते ते उंचीतील फरकामुळे, आणि किती उतरते ते वाटेतील अडथळ्यावर अवलंबून असते. फरक जितका अधिक तितका प्रवाह अधिक. अडथळा जितका अधिक तितका प्रवाह कमी. रक्त महाधमनीकडून सूक्ष्म रक्तवाहिन्यांकडे जाते ते याच नियमाने. हवा फुफ्फुसात शिरते तीही याच नियमाने, आणि लवणांचे आयन पेशीपटलातील मार्गांतून जातात तेव्हा दाबाच्या जागी संहती व विद्युत् यांतील फरक येतो इतकेच. रक्तवाहिनीची त्रिज्या निम्मी झाली तर संथ प्रवाहात तिचा अडथळा सोळा पट होतो. हे एकदा नीट समजले म्हणजे शरीर धमनिकांच्या किंचित आकुंचनाने रक्ताची वाटणी कशी बदलू शकते, आणि दम्याच्या रोग्याची श्वासनलिका थोडी अरुंद होताच त्याला इतके कष्ट का पडतात, या दोन वेगळ्या प्रकरणांतील प्रश्नांना एकच उत्तर मिळते.

हाच नियम भाषेच्या अभ्यासकाच्या मुखातही काम करीत असतो. ‘ब’ म्हणण्यासाठी ओठ मिटून आतल्या आत नाद चालू ठेवण्याचा प्रयत्न केल्यास तो फार वेळ टिकत नाही. स्वरतंतू कंप पावण्यासाठी त्यांच्या खालील दाब वरील दाबापेक्षा अधिक असावा लागतो. ओठ मिटलेले असताना मुखात हवा साठते, दोन्ही बाजूंचे दाब समान होऊ लागतात, उतार संपतो आणि नाद थांबतो. ‘म’ मात्र लांबविता येतो, कारण हवेला नाकाची वाट मोकळी असते. मानसगंगोत्रीतील दोन संस्था हीच घटना आपापल्या परिभाषेत शिकवितात: एक तिला वाक्क्रिया म्हणते, दुसरी ध्वनिविचार. गाभ्याच्या कल्पनेचे सामर्थ्य येथे दिसते. ती अवयवांच्याच नव्हे, तर विद्याशाखांच्या भिंतीही ओलांडते.

वस्तुमानाच्या ताळेबंदाची गोष्ट तर इतिहासातच आहे. विल्यम हार्वी यांनी 1628 मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले ते मुख्यतः एका हिशेबाने. हृदय प्रत्येक ठोक्याला जितके रक्त बाहेर टाकते त्याला ठोक्यांच्या संख्येने गुणले, तर अर्ध्या तासात संपूर्ण शरीरात असेल त्याहून अधिक रक्त बाहेर पडते. खाल्लेल्या अन्नातून इतके रक्त निर्माण होणे अशक्य आहे. म्हणून तेच रक्त परत येत असले पाहिजे. सूक्ष्म केशवाहिन्या त्यांना दिसल्या नव्हत्या. जमाखर्च जुळत नव्हता, एवढ्यावरून त्यांनी वर्तुळ ओळखले. अभिसरणाचे मार्ग नावानिशी पाठ असलेल्या विद्यार्थ्याला हा हिशेब ठाऊक नसेल, तर त्याला निष्कर्ष मिळाला आणि विचार हरवला असे म्हटले पाहिजे.

केवळ पाठांतराने काय होते याचे एक उदाहरण मायकेल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहणीतून मिळते. श्रम वाढून शरीराला अधिक प्राणवायू लागू लागला म्हणजे श्वासाचा वेग वाढतो, हे विद्यार्थ्यांना ठाऊक होते. श्वासाच्या खोलीचे काय होते, असे विचारल्यावर मात्र बऱ्याच जणांनी ती कमी होते असे सांगितले. वेग वाढल्यावर खोल श्वास घ्यायला वेळ कोठून मिळणार, असा त्यांचा तर्क. प्रत्यक्षात दोन्ही वाढतात. जिना धावत चढलेल्या कोणालाही हे स्वतःच्या छातीवरून कळले असते. शरीर कशासाठी हा खटाटोप करीत आहे, हा एक प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारला असता तर उत्तर चुकले नसते. तो प्रश्न विचारण्याची सवय यादी लावीत नाही.

समस्थितीपाशी हा विषय पुन्हा शब्दांकडे वळतो. शरीराच्या आंतरिक पर्यावरणाची कल्पना क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात मांडली. वॉल्टर कॅनन यांनी 1926 मध्ये तिला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिले. ‘तोच’ या अर्थाचे ग्रीक उपपद टाळून ‘सारखा’ या अर्थाचे उपपद त्यांनी घेतले, आणि ‘स्टॅसिस’ म्हणजे साचलेपण नव्हे, अवस्था होय, असेही स्पष्ट केले. एवढी काळजी घेऊनही घोटाळा टळला नाही. 2015 मध्ये मॉडेल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, इंग्रजी पाठ्यपुस्तकांत या एका कल्पनेसाठी वापरलेली परिभाषा परस्परांशी जुळत नाही, आणि कोणती राशी स्थिर राखली जाते व कोणती त्यासाठी बदलली जाते, यांत विद्यार्थी गोंधळतात. रक्तदाब राखला जातो; त्यासाठी हृदयाचे ठोके बदलतात. ठोकेही राखले जातात असे मानणारा विद्यार्थी पुढच्या प्रत्येक प्रकरणात अडखळतो.

मराठीत ‘समस्थिती’ हा शब्द सुरेख आहे. पण ‘सम’ हा शब्द ‘तोच’ आणि ‘सारखा’ या दोन्ही अर्थांनी ऐकू येतो, म्हणजे कॅनन यांनी जो धोका टाळला तो येथे पुन्हा दाराशी येतो. त्याच शब्दाला आयुर्वेदातील धातुसाम्याचा वासही आहे. धातुसाम्य ही स्वतंत्र दर्शनातील कल्पना. तिच्यात आरोग्याचे ध्येय सांगितलेले आहे. समस्थितीत एक यंत्रणा सांगितलेली आहे: मापन करणारा घटक, तुलना करणारा घटक आणि कृती करणारा घटक. दोन्हींना एकच मानणे हा दोन्हींवर अन्याय होईल. त्यापेक्षा तालातील सम ही उपमा अधिक जवळची वाटते. गायक समेवर उभा राहत नाही. तो दूर जातो आणि समेवर येतो. शरीराचे तापमानही दिवसभरात थोडे वरखाली होत त्या जागेकडे परतत असते. समस्थितीच्या यंत्रणेतील ‘निगेटिव्ह फीडबॅक’ला मराठीत प्रत्याभरण, प्रतिसंभरण, पुनःप्रदाय असे निरनिराळे प्रतिशब्द आढळतात. त्यांच्या आधी ‘नकारात्मक’ लावले की काहीतरी वाईट घडत आहे असा भास होतो. ‘ऋण’ लावले तर निदान फेडीची कल्पना जागी होते, आणि ती मूळ अर्थाच्या बरीच जवळ जाते.

उलट दिशेची अडचण बोलभाषेत आहे. मराठीत ‘नस’ दबते, ‘नस’ कापली जाते. मानेची ‘शीर’ आखडते आणि हातावरच्या ‘शिरा’ फुगतात. मज्जातंतू, रक्तवाहिनी आणि स्नायुबंध यांना लोकभाषा एकच नाव देते. कन्नडमधील ‘नर’ हा शब्दही असाच तिन्हींचा भार वाहतो. डोळ्याला ही सर्व दोरीसारखी दिसतात, आणि भाषेने डोळ्यावर विश्वास ठेवला. यांतील एकीतून द्रव वाहतो, दुसरीतून संदेश जातो, तिसरी ओढ पोहोचविते. हा भेद नावांच्या पाठांतराने स्पष्ट होत नाही. प्रवाह, परस्परसंदेश, रचना व कार्य या कल्पनांनी होतो.

या सर्वाचे मोल शेवटी वर्गात ठरत नाही. म्हैसूरच्या बाह्यरुग्ण विभागात नंजनगूडहून आलेला शेतकरी असो की कोल्हापूरच्या दवाखान्यातील एखादी आजी असो, रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यावर महिन्याने दोघांचाही प्रश्न एकच असतो: आता आकडा नीट आला आहे, मग गोळी का घ्यायची? बराच काळ वाढलेल्या रक्तदाबात शरीराची मापन करणारी यंत्रणाच वरच्या पातळीशी जुळवून घेते. तिला तीच पातळी योग्य वाटू लागते. गोळी थांबली की शरीर पुन्हा त्या पातळीकडे जाते. ज्या डॉक्टरला ही गोष्ट कल्पना म्हणून समजली आहे तो ती कन्नडमध्ये, मराठीत, घरातल्या तराजूच्या दाखल्याने सांगू शकतो. ज्याने ती फक्त इंग्रजी वाक्य म्हणून पाठ केली आहे त्याच्यापाशी ‘घेतली पाहिजे’ एवढेच उत्तर असते. रोगी मान डोलावतो आणि घरी जाऊन गोळी बंद करतो.

याविरुद्ध आक्षेप आहेत, आणि ते क्षुल्लक नाहीत. वैद्यकाला तपशील लागतो. केवळ तत्त्वे जाणणाऱ्याच्या हाती रोगी सोपविता येत नाही. शिवाय पंधरा संकल्पनांचीही पाठ करण्याची यादी होऊ शकते. ‘समस्थितीवर टीप लिहा’ असा प्रश्न आला की गाभ्याचा गर होतो. पहिल्या आक्षेपाला उत्तर असे की, येथे तपशील टाकायचा नसून तो ठेवण्यासाठी खुंट्या ठोकायच्या आहेत. दुसऱ्याला उत्तर परीक्षेतच मिळेल. वर्गात न शिकविलेल्या अवयवाची किंवा अपरिचित प्राण्याची माहिती देऊन तेथे प्रवाह कसा बदलेल, असे विचारले पाहिजे. मॅकफार्लंड व सहकाऱ्यांनी 2017 मध्ये समस्थितीवर वीस प्रश्नांची जी चाचणी प्रसिद्ध केली तिचा रोख पाठांतराकडे नसून समजेकडे आहे. जोवर परीक्षा यादीची आहे तोवर अभ्यासक्रमाच्या मुखपृष्ठावर काहीही लिहिले तरी विद्यार्थी यादीच वाचील, आणि त्याला दोष देता येणार नाही.

भाषेच्या संस्थांकडे या कामाचा एक वाटा येतो. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात 1861 मध्ये मराठी व गुजराती वर्ग सुरू झाले होते. देशी भाषेत वैद्यक शिकविण्याची कल्पना इतकी जुनी आहे. 2008 मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय अनुवाद मिशन म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेतच आहे, आणि उच्च शिक्षणातील ज्ञानग्रंथ मराठीसह भारतीय भाषांत आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये भोपाळ येथे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. त्यांत बहुसंख्य इंग्रजी संज्ञा देवनागरी लिपीत तशाच ठेवलेल्या होत्या, आणि त्यावर टीकाही झाली. ही टीका पूर्णतः न्याय्य नव्हती. अवयवांची व औषधांची नावे जशीच्या तशी ठेवल्याने फारसे बिघडत नाही; पुढे तीच जगभर लागतात. परंतु ज्या दहा-पंधरा शब्दांवर सर्व विषय तोललेला आहे, ते तरी विद्यार्थ्याच्या भाषेत विचारपूर्वक घडविले गेले पाहिजेत आणि सर्व पुस्तकांत एकाच अर्थाने आले पाहिजेत. हजारो संज्ञांचे कोश करण्यात जो श्रम खर्च होतो त्याचा काही अंश या मोजक्या शब्दांवर खर्च झाला, तर तो अधिक फळ देईल. शरीरक्रियाविज्ञानाच्या अध्यापकाला गाभा ठाऊक असतो, भाषेच्या अभ्यासकाला शब्दाचे वजन ठाऊक असते. म्हैसूरला ही दोन्ही माणसे एकमेकांपासून फार तर काही मैलांवर राहतात.